माळवदाच्या भिंतीत वायर लपवायची की नाही: औसा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

गवंड्यानं ग्राइंडर बंद केला तो कुणी सांगितलं म्हणून नाही. वायर पुरण्यासाठी ओसरीच्या भिंतीत आडवी झिरी (खाच) मारत तो सहा फूट पुढं आला होता. शेवटच्या फुटात भिंतीतून माती गळायला लागली, जात्यातून पीठ पडावं तशी, आणि थांबेचना. मग झिरीच्या वरचा एक दगड बोटभर पुढं सरकला. गवंडी शिडीवरून उतरला, गुरुजींनी मला फोन लावला. "तुम्ही आधी येऊन बगा. बाकीचं मग बोलू," एवढंच म्हणाले.

मी लातूरला विजेची कामं घेतो, ठेकेदाराचा परवाना आहे. हे घर औसा तालुक्यातल्या एका गावातलं. घरमालक निवृत्त शिक्षक, सगळं गाव गुरुजी म्हणतं. धाकट्या मुलीचं लग्न तेवीस दिवसांवर आलेलं. थोरला मुलगा पुण्याला असतो, त्याची एकच अट: लग्नाच्या फोटोत भिंतीवर एकही वायर दिसता कामा नये. अट रास्त होती. ओसरीत शिरलं की समोरच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या पाच-सहा वायरी, वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबत होत्या. पण भिंतीत घालायच्या म्हणजे कुठल्या भिंतीत, हे कुणी विचारलं नव्हतं.

एका घरात तीन घरं

पुढचा भाग जुना. ढाळज (दारालगतची बैठक), ओसरी, माजघर, देवघर. भिंती अडीच फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या. वर तुळया, त्यावर सर (आडवी लाकडं), किलचं (बारीक फळ्या) आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट छप्पर. मागं १९९८ साली बांधलेल्या दोन विटांच्या खोल्या, स्लॅबच्या. त्यांच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची, मधली साडेचार इंची. आणि परसाकडं पत्र्याचं स्वयंपाकघर, नंतर गरजेपुरतं जोडलेलं.

तिन्ही भागांत तीन पिढ्यांची वायरिंग होती. माजघरात सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा ठोकून नेलेली, सुती वेष्टणाची रबरी वायर. तिला बोट लावलं की इन्सुलेशन पापडासारखं चुरायचं, आत तांबं काळं पडलेलं. ओसरीत नंतरची पीव्हीसी, पण तीही पंख्याच्या दोरीसारखी पिळाची बारीक वायर, जी टेबलावरच्या उपकरणाला लावायची असते, भिंतीवर कायमची नाही. नव्या खोल्यांत पंखे आणि दिव्यांपुरते पाइप बांधतानाच घातलेले. टीव्ही, कुलर, गिझर नंतर आले, त्यांच्या वायरी उघड्या. मेनला चिनी मातीचे कटआउट, आणि त्यात फ्यूज तार म्हणून वायरीतल्या तांब्याच्या चार तारा पिळून घातलेल्या. म्हणजे फ्यूज उडण्याआधी वायरच पेटणार.

गुरुजींच्या घरच्या काकू कुलरला पाणी भरायला उठल्या तेव्हा त्यांनी आधी चप्पल घातली. घरात चप्पल, तीही ओसरीत! मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "हात लागला की मुंग्या येतेत ना. म्हणून आमच्याकडं तसंच करायची पद्धत हाय."

पद्धत. किती वर्षांची, विचारलं नाही. कुलरचा पत्रा टेस्टरनं बघितला, दिवा लागला. थ्री-पिन सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, मागं अर्थिंगची वायरच नव्हती. मीटरच्या बोर्डापासून निघालेली अर्थिंगची तार ओट्याखाली गेली होती खरी, पण खणून बघितल्यावर वितभर खाली ती नुसतीच मातीत संपली होती.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी मी हत्यार काढलं नाही. कुठली वायर कुठं जाते याचा कागदावर नकाशा काढला आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान १ मेगाओम इन्सुलेशन दिसायला हवं. माजघराच्या लाइनवर आकडा आला ०.०८. ओसरीच्या लाइनवर ०.६. जी वायर उघड्यावरच गळते आहे ती प्लास्टरखाली घालून काय साधणार? गळती दिसेनाशी होईल, थांबणार नाही.

पुण्याहून मुलाचा फोन आला, "जुनीच वायर पाइपात घालून वरून प्लास्टर करा, खर्च वाचेल." त्याला हिशेब सांगितला. ओसरीची जी लाइन पुढं मागच्या न्हाणीपर्यंत गेली होती तिच्यावर २००० वॅटचा गिझर, १००० वॅटची इस्त्री आणि ७५० वॅटचा मिक्सर, सगळं एका जोडावर. सकाळी तिन्ही चालू झाली तर ३७५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १६ अँपिअरपेक्षा जास्त. वायर एक एमएमची, म्हणजे एक चौरस मि.मी. तांब्याची. पाइपात बंद केलेली एक एमएमची तांब्याची वायर दहा-अकरा अँपिअरच्या पुढं नेऊ नये. मग आजवर जळली कशी नाही? कारण ती उघडी होती, खिळ्यावर लोंबत होती, वाऱ्यानं निवत होती आणि तिन्ही उपकरणं रोज एकदम चालत नव्हती. तीच वायर भिंतीत पुरली तर ऊब बाहेर जायला वाट नाही. पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. आपल्याकडं मे महिन्यात ओसरीतच चाळीसच्या वर असतं, म्हणजे मुळातच निम्म्याहून जास्त अंतर उन्हानं खाल्लेलं. वायर झाकणं म्हणजे तिची क्षमता कमी करणं, हे लोकांना सांगितलं की विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं, झाकली म्हणजे जपली.

त्यामुळं पहिला निर्णय वायर बदलण्याचा. दिव्यांना दीड एमएम, साध्या सॉकेटांना अडीच, गिझर आणि पुढंमागं एसी यायचा म्हणून चार एमएम. आयएस ६९४ या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का असलेली, आग न पसरवणारी तांब्याची वायर. ९० मीटरची बंडलं लातूरला गंजगोलाईतून आणली. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. गुरुजींनी विचारलं, "रंगानं करंट बदलतो का हो?" करंट बदलत नाही, पण दहा वर्षांनी दुसरा वायरमन बोर्ड उघडतो तेव्हा त्याचा जीव त्या रंगावर असतो. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांनी सगळ्या कामाची वही ठेवली होती, तीच मला हे लिहिताना उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशीची चूक माझी. मेन पाडला आणि हाताखालच्या पोराला ओसरीतला बोर्ड उघडायला सांगितलं. त्याला झटका बसला. मोठा नव्हता, शिडीवर नव्हता म्हणून पडलाही नाही. मेन बंद होता, पण इन्व्हर्टर चालू होता. लाइट जाण्याची सवय असलेल्या गावात जवळपास घरटी इन्व्हर्टर असतो आणि मेन पडला की तो इमानानं दिव्यांच्या वायरीत २३० व्होल्ट सोडतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. विचारायचं राहिलं, एवढंच. त्यानंतर इन्व्हर्टर बंद करून त्याची पिन काढली आणि प्रत्येक ठिकाणी टेस्ट लॅम्पनं तपासलं: आधी चालू असलेल्या जागी लॅम्प लागतो का, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. पेन्सिल टेस्टरवर माझा भरवसा त्या दिवसापासून उरला नाही. आणि मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, मीटरच्या अलीकडचं काम वीज कंपनीचं. पलीकडचं कामही घरच्यांनी करायचं नसतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार असं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं असतं. दिवा, पंखा, बटण, फ्यूज, घरगुती उपकरण बदलणं अशा किरकोळ कामांनाच सूट.

दगड-मातीची भिंत

आता ती झिरी. ज्यांना बाहेरून हे प्रकरण वायरचं वाटतं त्यांना सांगतो, इथून पुढचा अर्धा भाग भिंतीचा आहे.

अडीच फुटांची भिंत बघून गवंड्याला वाटलं, दोन इंच कोरलं तर काय बिघडतं. विटांच्या नऊ इंची भिंतीत खरंच बिघडत नाही. पण या भिंती एकसंध नसतात. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक दगडी पदर, आणि मधल्या जागेत चिपा आणि मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड असले तर असले. आतला पदर कुठं एक फूट, कुठं आठच इंच. त्यातले दगड मातीच्या सांध्यावर बसलेले. आडवी झिरी मारली की एका ओळीतल्या सगळ्या दगडांची बूड किंवा टाळू सैल होते. आणि वर माळवद. पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर, दर काही वर्षांनी गळतं म्हणून वर आणखी माती टाकत गेलेला. ते सगळं वजन तुळईतून भिंतीवर येतं. गवंड्याची झिरी नेमकी एका तुळईच्या टेकीखालून गेली होती.

किल्लारी याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. ६.२ हा आकडा जगात मोठा समजत नाहीत. माणसं गेली ती जास्त करून अशाच भिंतींखाली: मातीचे सांधे सुटले, दोन पदर फाटून वेगळे झाले, वरचं माळवद आत आलं. आमच्या भागात जुन्या भिंतीला हातोडा लावताना म्हातारी माणसं अजून एकदा वर बघतात. तरण्या गवंड्याला ते माहीत नसेल, त्याचा जन्मच नंतरचा.

गुरुजींचं घर तेव्हा तडे जाऊन उभं राहिलं होतं. नंतरच्या मजबुतीकरणात भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोकं पाडून सळई घातलेले काँक्रीटचे हेडर ओतलेले. आतून बघितलं की चुन्याच्या रंगाखाली त्यांचे चौकोनी ठिपके कळतात. गुरुजी त्यांना "भूकंपाच्या गुंड्या" म्हणतात. दोन पदर सुटू नयेत म्हणून शिवलेल्या गुंड्या. गवंड्याच्या ग्राइंडरनं त्यातल्या एका गुंडीची कड खाल्ली होती.

मी स्पष्ट सांगितलं, या भागात एक इंचही झिरी मारणार नाही. मुलगा फोनवर नाराज झाला. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. भिंत राहिली तर फोटो निघतील."

झिरी आधी भरायची होती. तुळईला खालून लाकडी टेकू लावला. गावातला एक जुना गवंडी बोलावला, वय सत्तरीपुढं. त्यानं सिमेंटला हात लावला नाही. सैल दगड काढून पुन्हा बसवला, फटीत चिपा ठोकल्या, चुना-मातीचा घोटलेला मसाला थरथर भरला. मातीच्या भिंतीवर सिमेंटची कडक पट्टी बसवली की ती भिंतीबरोबर हलत नाही, ओल आत कोंडते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात सोलून निघते. त्यानं हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं: "मातीला माती धरती."

मग वायर कुठून न्यायची? भिंतीवरूनच, पण दिसणार नाही अशी. यासाठी केसिंग-कॅपिंग घेतलं, आमच्याकडं नुसतं पट्टी म्हणतात. प्लास्टिकची पन्हळ भिंतीला बसते, आत वायरी, वरून झाकण दाबून बसवायचं. स्वस्तातली पट्टी उन्हाळ्यात वाकते आणि झाकण सुटतं, म्हणून जाड घेतली. पण पट्टीपेक्षा तिची वाट महत्त्वाची. ओसरीच्या मधोमध आडवी पट्टी गेली असती तर मुलगा म्हणाला ते खरं ठरलं असतं. आम्ही ती तुळईच्या बाजूनं नेली, जिथं लाकडाची सावली पडते, आणि खाली उतरवली ती दरवाजाच्या चौकटीला आणि खांबाला चिकटून. लाकडाला रंग होता त्याच रंगात पट्टी रंगवली. चौकटीच्या कडेची दोन बोटांची रेघ कुणाच्या डोळ्यात भरत नाही. ओसरीतला मोठा बोर्ड भिंतीवर न ठेवता कोनाड्यात बसवला, तिथं पूर्वी कंदील असायचा. ते काकूंनी सुचवलं. मला सुचलं नव्हतं.

तुळईच्या बुडाला वायर न नेता बाजूला नेण्याचं आणखी एक कारण. माळवद कुठं ना कुठं गळतं, आणि पाणी तुळईच्या बुडावरून ओघळत येऊन थेंब धरतं. गुरुजींना गळतीच्या तीन जागा तोंडपाठ होत्या, तिथं पट्टीचा जोड किंवा डबी येऊ दिली नाही. वायर माळवदाच्या मातीतून वर नेणं तर सोडूनच द्या, कुणी कितीही म्हटलं तरी.

स्क्रू धरायची पंचाईत झाली. दगडाच्या सांध्यात भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकली की माती खाली आणि गिट्टी हातात. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून दगडाच्या अंगातच हळू भोक पाडलं तर स्क्रू धरतो, पण वेळ लागतो आणि बिट जळतात. जुन्या पट्टीच्या लाकडी गुट्ट्या भिंतीत होत्याच. ठोकून बघितल्या, आवाज भरीव आला त्या वापरल्या. पोकळ वाजल्या त्या वाळवीनं खाल्लेल्या निघाल्या, वरून शाबूत आणि आत भुसा. आणि सगळ्यात पक्की पकड मिळाली भूकंपाच्या गुंड्यांत. काँक्रीट ते काँक्रीट. तिथं इंचाच्या आत भोक ठेवलं, आतल्या सळईपर्यंत जायचं नाही म्हणून ड्रिल बिटला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली. पट्टीची वाट काही ठिकाणी मी मुद्दाम एका गुंडीवरून दुसऱ्या गुंडीवर नेली.

जुनी सागवानी पट्टी काढताना आत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या तीन जागा मिळाल्या. उघड्या तांब्यावर सुक्या गवताचं घरटं. अर्धा तास सगळे नुसते बघत उभे होते.

विटांच्या खोल्या

इथं मुलाचं म्हणणं मान्य झालं, वायरी भिंतीत गेल्या. पण इथंही सगळ्या भिंती सारख्या नाहीत. बांधकामात धरतात तो ठोकताळा असा: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपर्यंत, आडवी एक षष्ठांशपर्यंत. नऊ इंची, म्हणजे २३० मि.मी. भिंतीत उभी झिरी ७६ मि.मी. पर्यंत चालते, आडवी ३८. २५ मि.मी.चा पाइप आरामात बसतो आणि वर अर्धा इंच मसालाही राहतो. साडेचार इंची, ११५ मि.मी.च्या भिंतीत आडवीला फक्त १९ मि.मी. मिळतात. २५ चा पाइप तिथं बसूच शकत नाही आणि २० चाही बसत नाही. म्हणून मधल्या भिंतीत आडवं काहीच नाही. स्लॅबखालून नेऊन सरळ खाली बोर्डापर्यंत उभं उतरायचं. दोन्ही बाजूंच्या खोल्यांचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवले नाहीत, एक हात सरकवले. दोन्ही बॉक्स एकाच जागी कोरले असते तर भिंतीला आरपार खिडकीच झाली असती.

तिरपा पाइप कधीच नाही, वायर वाचत असली तरी. भिंतीत काय आहे हे नंतरच्या माणसाला ओळखता यायला हवं: बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ आडवं. पाइपात वायरीनं चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेऊ दिली नाही. पाइपाच्या आत जोड एकही नाही, जोड फक्त डबीत आणि डबीचं झाकण कायम उघडता येईल असं. वायर थेट प्लास्टरमध्ये पुरणारे वायरमन अजून भेटतात. त्यांचं काम दोन वर्षं फार सुबक दिसतं.

झिरी बुजवताना वर कोंबडी जाळी मारली, म्हणजे रेघ फुटत नाही. बुजवण्याआधी गुरुजींनी भिंतीला टेप धरून प्रत्येक पाइपाचा फोटो काढला, जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. प्रिंट काढून वहीत चिकटवले. मी इतकी वर्षं काम करतो, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं.

पत्र्याच्या स्वयंपाकघरात झाकाझाकी केलीच नाही. लोखंडी अँगलवरून पीव्हीसी पाइप सॅडल मारून नेला, पत्र्यातून जिथं आत येतो तिथं रबरी ग्रोमेट (कडी) घातलं, आणि पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग जोडलं. पत्र्याखाली दुपारी पन्नास अंश सहज होतं, आणि पन्नासला पीव्हीसी वायरीची क्षमता तीस अंशांच्या तुलनेत ७१ टक्क्यांवर येते, म्हणून तिथं वायर एक माप जाड घेतली.

कुलर, काळी माती आणि उसनं न्यूट्रल

अर्थिंगसाठी परसात अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. मे महिन्यात आमची काळी माती हात जाईल एवढी भेगाळते आणि पाइपाला सोडून देते. पहिलं माप आलं ११ ओहम. आठवडाभर पाणी घातल्यावर ४ च्या आसपास.

इथं एक हिशेब सांगायलाच हवा, कारण "अर्थिंग केलंय, एमसीबी हाय, आता भ्या काय?" हे घरोघरी ऐकू येतं. समजा ११ ओहमच्या दिवसात कुलरच्या पत्र्याला फेज लागला. २३० भागिले ११, सुमारे २१ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) २१ वर लगेच पडत नाही, बराच वेळ तग धरते. आणि तोवर कुलरचा पत्रा जवळपास पूर्ण व्होल्टवर उभा. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती पडते. तिला अर्थिंग ११ ओहमचं असो की ५० चं, फरक पडत नाही. आम्ही दोन घातल्या, जुन्या भागाला एक आणि नव्या खोल्यांना एक, म्हणजे एकीकडं बिघाड झाला तरी लग्नाच्या घरात सगळाच अंधार नको.

चालू केल्या आणि अर्ध्या दिवसाचं दुखणं सुरू झालं. ढाळजेतला दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी खाली. वायर नवी, मेगर चांगला, दिवा बदलला, तरी तेच. शेवटी कारण सापडलं ते लाजिरवाणं. ढाळजेच्या दिव्याची वायर १९९८ च्या पाइपातून जात होती. तपासून चांगली निघाली म्हणून मी ती एकच ठेवली होती. तिनं फेज जुन्या भागातून घेतला होता आणि न्यूट्रल नव्या खोलीच्या बोर्डातून उसना. कटआउटच्या जमान्यात अशी उसनवारी चालून जायची. आरसीसीबी मात्र पै-पैचा हिशेब मागते: इकडून गेलेला करंट तिकडून परत आला तर दोघींच्याही वहीत तूट. इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचंही हेच होतं, तो आधीच वेगळा केला होता. वायर बदलली, दिवा लागला.

लग्नातला खिळा

काम लग्नाच्या सहा दिवस आधी संपलं. हळदीच्या संध्याकाळी पुन्हा फोन. मांडववाल्या पोरानं नव्या खोलीत झेंडूची माळ अडकवायला खिळा ठोकला होता, नेमका बोर्डाच्या सरळ वर, दोन हातांवर. खिळा पाइपात शिरून फेज आणि अर्थिंगच्या वायरींना एकदम भिडला. टक्क करून आरसीसीबी पडली, तोही खिळा सोडून दोन पावलं मागं. त्याला काही झालं नाही. ओसरीत गाणी चालूच होती, तिकडचा भाग वेगळा होता.

गुरुजींनी वही काढून फोटो बघितला आणि मला फोनवरच सांगितलं की खिळा कोपऱ्यापासून किती इंचावर, कुठल्या पाइपात आहे. मी पोचलो, खिळा उपटला, बोर्ड आणि वरची डबी उघडली, जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेतली. भिंत फोडली नाही. वीस-पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा मला जेवायला बसवण्याच्या आग्रहात गेली. खिळ्याच्या भोकावर काकूंनी तिथंच हळदीचं बोट लावलं, शुभ म्हणून की भोक दिसू नये म्हणून, कळलं नाही.

मुलगा फोटो दाखवायला आला होता. ओसरीतल्या एका फोटोत नवरीच्या मागं चौकटीच्या कडेला पट्टीची बारीक रेघ दिसते. त्यानं ती मला बोटानं मोठी करून दाखवली.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. काकू ते अमावस्येला दाबतात, म्हणजे विसरत नाही. दिवे जातात, वर केलं की येतात. पाणी भरताना कुलरची पिन काढायची, हेही त्या आता करतात. पिन काढतात, मग चप्पल घालतात, आणि मग पाणी भरतात.